कोऱ्या हवेतला खड्डा

यंत्र मद्रासला जाणार ही बातमी मला कँटीनमध्ये कळली, आणि हातातली कॉफी हातातच निवली. तुम्ही म्हणाल, जाईना का, बाई, तुमच्या माहेरचं का ते? माहेरचं नव्हतं, हे खरं. पण माहेरच्याही कुठल्या वस्तूला मी एवढं जपलेलं नाही.

आधी यंत्र कसलं ते सांगते. तंजावुरात एका ट्रस्टची प्रयोगशाळा होती, तिथे मी नोकरीला होते. त्या वर्षांत देशाची दारं उघडली, परदेशी माल यायला लागला, आणि आमच्याही आसपास रंगाचे, तेलाचे, औषधी भुकटीचे लहान लहान कारखाने निघाले. त्यांचा माल तपासायला ट्रस्टनं स्पेक्ट्रोमीटर आणला. नाव अवघड, काम सोपं. ट्रंकेएवढी पेटी, तिच्या पोटात एक कप्पा. कप्प्यात पदार्थ ठेवायचा, झाकण लावायचं, की डोळ्यांना न दिसणारे किरण त्यातून पार होतात. पदार्थ त्यातले काही गिळतो, काही सोडतो, आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर एक रेघ उमटते. जिथे किरण गिळले गेले तिथे रेघेला खड्डा. प्रत्येक पदार्थाचे खड्डे वेगळे, माणसाच्या चेहऱ्यासारखे. सवय झाली की लांबूनच ओळख पटते, हे एरंडेल, हे स्पिरिट.

मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले होते. शिक्षण म्हणाल तर शाळा संपली आणि लग्न झालं. पण यंत्राबरोबर कॉम्प्युटर आला, आणि टाइप करता येणारी मी एकटी, म्हणून त्याच्यासमोर मला बसवलं. मला कुणी शिकवलं नाही तरी चालतं, मी वस्तूच्या मागेच लागते. मराठी वाचायला तरी कुणी शिकवलं होतं? आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इथे आले, तेव्हापासून घरात मराठी बोलतो, पण शाळा सगळी तमिळ. सासऱ्यांच्या पोथीतली अक्षरं मी स्वयंपाक करता करता ओळखायला शिकले. कॉम्प्युटरचंही तसंच झालं. आणि अडलं की विचारायला आमचे मुख्य होते. जवळच्या तिरुवैयारूहून स्कूटरवर यायचे, सगळे त्यांना तमिळ थाटात 'सार' म्हणायचे. माझी शंका कितीही बावळट असो, सार हातातला डबा बाजूला ठेवून फळ्यावर काढून दाखवत. असं होत होत यंत्र चालवणं माझ्याकडे आलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला मिळालेली ती पहिली गोष्ट, जी नात्यानं नव्हे, कामानं मिळाली.

आणि ते यंत्र ऐन दसऱ्याला बिघडलं.

आमच्याकडे आयुधपूजेला ज्याचं जे हत्यार त्याची पूजा होते. शिंप्याचं मशीन, रिक्षा, बस, सगळ्यांना गंध, कुंकू, माळा. दिवसभर कामाला हात लावायचा नाही, विजयादशमीच्या सकाळी पुन्हा सुरुवात. स्पेक्ट्रोमीटरचीही आम्ही थाटात पूजा केली, हरभऱ्याच्या उसळीसारखं सुंडल वाटलं, तांदूळ-गुळाचा पोंगल वाटला. दसऱ्याला यंत्र सुरू केलं, तर रेघेत एक खड्डा जास्तीचा. एरंडेलात तोच, रंगात तोच, भुकटीत तोच. शेवटी मी कप्प्यात काहीच न ठेवता झाकण लावून बघितलं. कोऱ्या हवेलाही तोच खड्डा! सारांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. म्हणाले, "अम्मा, हवेला चेहरा फुटलाय."

मद्रासहून कंपनीच्या एजंटचा माणूस आला. त्यानं कप्पा वरवर पुसला, भाग बदलावे लागतील म्हणाला, मद्रासला पाठवा म्हणाला. तिथे ट्रस्टची मोठी शाखा. तिथल्या लोकांनी लगेच कळवलं, पाठवा, आणि दुरुस्त झालं की मद्रासलाच राहू द्या, आमच्याकडे समजणारी माणसं आहेत. आमच्या मॅनेजरनी लॉरीसुद्धा ठरवली. ही ती कॉफी निवल्याची बातमी. यंत्र गेलं की मी पुन्हा टाइप करायला बसणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सार मात्र फोनला चिकटले. कंपनीचं दुरुस्तीचं केंद्र पुण्याला होतं. तिकडून कळलं की एक नवी सोय सुरू झालीय. कॉम्प्युटरबरोबर आलेलं मोडेम लावून टेलिफोनच्या तारेनं यंत्र पुण्याशी जोडलं, तर तिथला इंजिनियर तिथे बसून आपल्या यंत्राच्या पोटात बघू शकतो.

मॅनेजर ताडकन उठले. ते बँकेतून निवृत्त झालेले, जाता येता कुलपं ओढून बघायची सवय. "तारेला जोडायचं? आपल्या गिऱ्हाइकांची गुपितं त्या कॉम्प्युटरात आहेत. उद्या कुंभकोणमहून कुणीही फोन करून वाचेल!"

"कुंभकोणमला अजून मोडेम नाही, सार," मी म्हटलं. त्यांनाही आम्ही सारच म्हणायचो.

"आज नाही. कुलूप काय चोर आल्यावर विकत आणतात का, अम्मा?"

माणूस बरोबर बोलत होता, काय करणार. मग पुण्याच्या इंजिनियरलाच फोनवर घेतलं. तो इंग्रजीत बोलत होता, तेवढ्यात मागे कुणाला तरी म्हणाला, "अरे, तो पंखा कमी कर." मी रिसीव्हर सारांच्या हातातून घेतलाच.

"मराठीच बोला की. आम्ही मराठेच."

पलीकडून, "हा तंजावूरचाच नंबर ना?"

"होय. आमचे थोरले येथें येऊन पिढ्या जाहल्या."

तो हसायला लागला. "ताई, तुम्ही अगदी माझ्या पणजीसारखं बोलता."

"मग पणजीचें ऐका, आणि आमचें यंत्र वांचवा."

त्यानं सुरक्षेची रीत समजावून सांगितली, ती मी तमिळमध्ये मॅनेजरना सांगितली. पुण्याहून फोन आला तरी यंत्र त्याला आत घेणार नाही. त्यानं फक्त म्हणायचं, मला यायचंय. आपण फोन ठेवायचा. मग आपलं मोडेम स्वतः पुण्याचा नंबर फिरवणार. तो एकच नंबर त्यात भरलेला, त्यावर पासवर्ड. दुसऱ्या कुणी कितीही फोन केले तरी मोडेम जाणार ते पुण्यालाच.

मॅनेजरनी बोटांवर एकेक पायरी मोजली. "म्हणजे दार ठोठावणाऱ्याला दार उघडायचंच नाही. आपण उठून त्याच्या घरी जायचं, तोच आहे ना बघायचं, आणि हाताला धरून आणायचं."

"तसंच."

"हे तर आमच्या बँकेतही नव्हतं!" असं म्हणून ते चक्क खूश झाले, आणि त्यांनी स्वतःच्या दोन अटी घातल्या. एक, आधी ठरलेला शब्द त्यानं सांगायचा, आणि बोलणं मराठीत, म्हणजे मध्ये कुणी ऐकलं तरी त्याच्या कामाचं नाही. दोन, काम संपलं की तार काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची, त्यांच्या डोळ्यांदेखत. शब्द मी ठरवला, सांडगे. लॉरी यायच्या आदल्या दिवशीची सकाळ ठरली.

त्या सकाळी सगळे यंत्राच्या खोलीत. मॅनेजर खुर्ची टाकून पहाऱ्याला. फोन वाजला.

"सांडगे," पुणं म्हणालं.

"सांडगे," मी म्हटलं. "कसे आहांत? फराळ जाहला?"

"झाला, ताई. आता ठेवायचं."

"होय, ठेवा."

आणि मी वाट बघत राहिले. आमच्या घरात फोन आलेल्या माणसाच्या आधी आपण फोन ठेवायचा म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं. त्यानं ठेवावा, मग आपण. कानाशी तारेची खरखर. जरा वेळानं तिकडून हळूच आवाज, "ताई, तुम्ही आहात का अजून?"

"आहें की. तुम्ही ठेवा."

"तुम्ही आधी ठेवा. तुम्ही मोठ्या."

"छे, तुम्ही फोन केलांत, तुम्ही ठेवा."

मराठी कळत नसूनही मॅनेजरना सगळं कळलं. ते खुर्चीवरून ओरडले, "वै अम्मा, वै!" ठेवा हो, ठेवा. "एसटीडीवर कोण कुणाला निरोप देतंय!"

मी डोळे मिटून फोन खाली आपटला. लगेच मोडेम जागं झालं, नंबर फिरवला, किंचाळलं, खरखरलं, आणि गप्प झालं. आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर, कुणी हात लावलेला नसताना, एकेक खिडकी उघडायला लागली.

मॅनेजरनी पाय खुर्चीवर घेतले. "कोण चालवतंय?"

"पुणं," मी म्हटलं.

मग इंजिनियर ऑफिसच्या दुसऱ्या फोनवर बोलायला आला. त्या फोनची तार कशीबशी खोलीपर्यंत ताणून आणली होती. तो एकेक भाग तपासत गेला आणि सांगत गेला. किरणांचा दिवा ठीक. आरसा सरकतोय, ठीक. किरण मोजणारा भाग, तोही ठीक. ऐकता ऐकता सारांचा चेहरा उजळत होता आणि माझा पडत होता. सगळंच ठीक, मग खड्डा कुठून?

"ताई, झाकण उघडा. उघडंच ठेवा. मी इथून रेघ काढतो."

उघडलं. खड्डा उथळ झाला.

"आता बंद करा. थांबा थोडं."

बंद केलं. खड्डा पुन्हा खोल. पुण्यातला माणूस आणि तंजावुरातली मी, एकच रेघ बघत होतो, आणि दोघांनीही एकदमच म्हटलं, "आत काहीतरी आहे!"

"रिकामा दिसतो आहे कप्पा," मी आत बघत म्हटलं.

"थांबा. आमच्याकडे हजारो पदार्थांच्या रेघा साठवलेल्या आहेत. तुमची रेघ त्यांच्याशी लावून बघतो." फोनमधून कळांची खटखट ऐकू आली. मग तो जरा ओशाळून हसला. "नाही, हे काहीतरी भलतंच दाखवतंय. राहू दे."

"काय दाखवतेय, सांगा तर!"

"कापूर म्हणतंय, ताई."

मी "कापूर!" म्हणून किंचाळले, आणि खोलीतल्या प्रत्येकाला एकाच क्षणी सगळं आठवलं. पूजेच्या दिवशी सुंडल-पोंगलाच्या कणांवर लाल मुंग्यांची रांग लागली होती. झाडणारी बाई म्हणाली, मुंग्या मशीनमध्ये शिरतील. सार म्हणाले, कापूर ठेवा, मुंग्या येत नाहीत. आमच्या घरोघरी तोच उपाय, साखरेच्या डब्याखालीसुद्धा. आरतीतून उरलेल्या वड्या मी दिल्या, पुडी मॅनेजरनी स्वतः बांधली, आणि ती कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात, नमुना सरकवायच्या पट्टीखाली, नीट दडवून बसवली. रोज सकाळी झाकण उघडं असताना यंत्र तुलनेसाठी कोऱ्या हवेची नोंद घ्यायचं, मग झाकण बंद व्हायचं आणि आत कापराची वाफ साठायची. वास म्हणाल, तर ज्या गावात सकाळ-संध्याकाळ देवळांतून कापूर जळतो, तिथे कापराचा वास कुणाला येतो?

सारांनी चिमट्यानं पुडी बाहेर काढली. वड्या झिजून शेंगदाण्याएवढ्या राहिल्या होत्या.

"सापडला?" पुणं विचारत होतं. "खरंच कापूर? अहो ताई, मशीनमध्ये कापूर कोण ठेवतं?"

"आम्ही सगळ्यांनी मिळून ठेवला, बाबा. मुंग्यांसाठी."

त्यानं हसत हसत तिकडे सगळ्या ऑफिसला सांगितलं. ते हसणं आम्हाला ऐकू येत होतं, आणि आम्हीही हसत होतो. सार तर टेबलाला धरून. मॅनेजर तेवढे गंभीर. "यंत्र बिघडलेलंच नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"एक भागही नाही," सार म्हणाले. "उलट बघा, कापराची इवलीशी वाफसुद्धा त्यानं पकडली. आणि ती पुण्यात बसून ओळखता आली."

आम्ही कप्पा उघडा ठेवून पंखा लावला, पुसला, पुन्हा उघडा ठेवला. दुपारी कोऱ्या हवेची रेघ काढली. सरळ! नदीकाठच्या शेतासारखी सपाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. झाडणारी बाई, कँटीनवाला, सगळे बघायला आले. ज्यांना रेघेतलं काही कळत नव्हतं त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मी मोडेमची तार काढली आणि खिळ्याला टांगली. मॅनेजरनी बघितलं, मान हलवली, आणि तिथूनच मद्रासला फोन लावला.

"लॉरी रद्द. नाही, नाही, दुरुस्त नाही झालं, ते बिघडलंच नव्हतं. हो, पुण्याच्या माणसानं तपासलं. नाही, तो आला नाही. तारेवरून आला. हो, सुरक्षित! आम्हीच त्याला बोलावतो, तो आपणहून येऊच शकत नाही. तुमच्याकडे आहे का अशी सोय? नाही ना? मग असं करा, तुमचेच नमुने इकडे पाठवा." मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, "आमच्या बाई बघतील."

आणि ते खरंच पाठवायला लागले. मद्रासहून निघालेली खोकी सकाळच्या गाडीनं पापनाशम स्टेशन ओलांडून तंजावूरला उतरायची, आणि ऑफिसचा माणूस ती सायकलवर घालून आणायचा. वर मोठ्या अक्षरांत मद्रासच्या शाखेचा शिक्का. सुतळी कापायला आमच्याकडे माणसं होती, पण त्या शिक्क्याचं खोकं मी दुसऱ्या कुणाला उघडू दिलं नाही. कात्री माझ्याच खणात असायची.