एक्केचाळीस वेळा 'ठीक'

आमच्या विभागात फोन करायच्या कामावर एक बाई होत्या. सगळे त्यांना 'बटणबाई' म्हणायचे. आधी बावीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. गुडघे गेले तेव्हा त्यांना बसून करायचं काम दिलं आणि फोन हातात आला.

मानेच्या मणक्यांमधली गादी झिजली, की ती काढून आम्ही तिथे दोनपैकी एक वस्तू बसवतो. एक म्हणजे धातूचा छोटा पिंजरा, वरचा-खालचा मणका कायमचा जोडून टाकणारा. दुसरी कृत्रिम गादी, मान हलू देणारी आणि किमतीला तिप्पट. तिप्पट पैशांत पेशंटच्या वाट्याला बरे दिवसही जास्त येतात का, एवढाच प्रश्न होता. त्याच्या उत्तरावर पुढच्या पाच वर्षांची खरेदी ठरणार होती. अभ्यास माझा, आणि ऑपरेशननंतर दोन वर्षांनी पेशंटना विचारायचं काम बाईंचं.

"कसं आहे?" विचारलं की माणसं "ठीक आहे" म्हणतात. दवाखान्यातून फोन आला तर जास्तच म्हणतात, डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून. बाई त्यावर मुळीच विश्वास ठेवायच्या नाहीत.

"शर्टाची बटणं लावा बघू. मी थांबते."

मग पलीकडे खुडबुड, "अगं, जरा इकडे ये," आणि शेवटी कबुली, "दोन मी लावली हो, बाकीची बायकोनं." हे सगळं बाई फॉर्मच्या समासात लिहायच्या. एकेका फोनला अर्धा तास! मी वैतागायचो.

"बाई, आपण मानेचा अभ्यास करतोय, शिवणकामाचा नाही."

"हात मानेच्याच जिवावर चालतात, डॉक्टर," म्हणत त्या पुढचा नंबर फिरवायच्या.

मुदत संपत आली तेव्हा एक्केचाळीस जणांना फोन करायचे राहिले होते, बहुतेक पिंजरावाले. एका दुपारी बाई जेवायला गेल्या, तेव्हा मी ते फॉर्म उचलले आणि माझ्या खोलीत बसून भरून टाकले. सगळे 'ठीक'. विचारलं असतं तरी हेच म्हणाले असते, अशी मनाची समजूत घातली. पिंजरा आपोआप महागड्या गादीच्या बरोबरीला आला.

खरेदी समितीत तपासनीसांनी फॉर्म चाळले. "या एक्केचाळिसांचे समास कोरे कसे?"

सगळ्यांनी बटणबाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे. तहान नसताना मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"माझ्याकडूनच राहिलं असेल," बाई म्हणाल्या.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी ग्लास पुन्हा भरून घेतला. अध्यक्षांना स्वस्त वस्तू हवीच होती. "निष्काळजीपणा झालाय खरा, पण निकालात काय फरक पडतो?" म्हणून त्यांनी पिंजरा मंजूर केला. आठवड्याभरात बाईंची रवानगी तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये झाली. तो आदेश माझ्याच टेबलावरून गेला. मी कातडीबचाऊ माणूस, त्यावरही मुकाट सही केली.

दोन महिने मी तळघराचा जिना टाळला. शेवटी लाज सहन होईना, तेव्हा एका सकाळी खाली उतरलो. बाई स्टुलावर बसून फायलींना दोरे बांधत होत्या. मला पाहून गुडघा धरून उठायला लागल्या. मी "बसा, बसा" म्हणालो आणि सगळं भडाभडा बोलून टाकलं. फॉर्म मी भरले, तुमच्यावर ढकलले, मला माफ करा.

"अक्षर काय मी ओळखत नाही तुमचं?" त्या म्हणाल्या. "वाटलं, बोलाल तुम्ही. म्हणून समितीत 'माझ्याकडूनच राहिलं' म्हणत जरा वेळ काढला."

मी पुन्हा माफी मागितली.

"माफीचं राहू द्या. त्या लोकांचं काय निघालं?"

"कुठल्या?"

"ते एक्केचाळीस. नंतर तरी विचारलंत ना त्यांना? बरे आहेत का?"

"नाही विचारलं," मी म्हणालो.

दोन महिने मी फक्त बाईंना तोंड कसं दाखवायचं याचाच विचार केला होता. त्या एक्केचाळिसांपैकी एकाचंही नाव मला आठवत नव्हतं.