लाकूड म्हणून सांगितलेले आजोबा

खिएमला एका जागी बसलेलं दानांगमध्ये फारसं कुणी पाहिलेलं नाही. सकाळचा शेवयांचा वाडगाही तो उभ्यानेच रिकामा करतो, आणि तोंडातला घास गिळायच्या आत कुणाच्या तरी जाकिटाचे पट्टे आवळत असतो. समुद्रात घुसलेल्या सोन त्राच्या डोंगराभोवती होडीची फेरी, पोवळ्यांवर पोहणं, गळ टाकून मासेमारी आणि नशीब असेल तर कड्यावर तांबड्या पायांची माकडं, असा त्याचा पाहुण्यांसाठीचा कार्यक्रम. माकडं नसली तर तो ती बोटाने दाखवतो. "तिथं, त्या पानामागं." पाहुण्यांना ती दिसतात. पैसे भरलेल्या माणसाची नजर तीक्ष्ण असते.

जूनमधल्या त्या गुरुवारी होडीत चार पाहुणे होते. त्यांतल्या तुयेत बाई हनोईच्या निवृत्त मुख्याध्यापिका. कड्याला वळसा घालताना त्यांनी हात लांब केला.

"ते काळं काय तरंगतंय हो?"

खिएमने पाहिलं. आमच्या कोळीवाड्यात जन्मलेल्या माणसाला ते दोनदा पाहावं लागत नाही. देवमाशाला आम्ही मासा म्हणत नाही, आजोबा म्हणतो. वादळात बुडती होडी पाठीवर घेऊन किनाऱ्याला लावणारे आजोबा. खिएमचे वडील एकदा तसेच परत आले होते. निदान मरेपर्यंत तसं सांगत होते. असे आजोबा गेले, की ज्याला ते पहिल्यांदा दिसतात तो त्यांचा थोरला मुलगा. त्याने डोक्याला पांढरी पट्टी बांधायची, अंत्यविधी करायचा, सुतक पाळायचं. पूर्वी तीन वर्षं होतं, आता काळ बदलला म्हणून शंभर दिवस. तेवढ्या दिवसांत ना कुणाच्या लग्नाला जायचं, ना हसण्याखेळण्याचा धंदा करायचा. खिएमचा सगळाच धंदा हसण्याखेळण्याचा. दुसऱ्या दिवशी सायगावच्या कंपनीची चाळीस माणसं यायची होती, आणि त्यांच्यामागे अख्खा हंगाम उभा होता.

"लाकूड आहे," खिएम म्हणाला आणि त्याने होडी वळवली.

हिशोब सोपा होता. दुसऱ्या कुणीतरी आजोबांना पाहावं, म्हणजे तो थोरला. दुपारी खिएम किनाऱ्यावर उभा राहिला. उभा म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काही दिसलं का रे?" परतणाऱ्या प्रत्येक होडीला त्याने विचारलं.

"काय दिसायचं?"

"असंच."

पाचव्या होडीनंतर शिंपल्या निवडणारी लियूवहिनी म्हणाली, "खिएमभाऊजी, हरवलंय काय ते तरी सांगा. आम्हीपण शोधतो. बायको असेल तर नाही शोधणार हं, सुखात राहू दे बिचारीला."

चार वाजता तो एकटाच होडी घेऊन कड्यापलीकडे गेला. पाणी रिकामं होतं. खरं तर सुटलो असं वाटायला हवं होतं. त्याने तीन वेळा फेरी मारली, डिझेल जाळलं, आणि अधिकच अस्वस्थ होऊन घरी आला.

"पायाला भिंगरी लागलीय का?" बायको दिएप म्हणाली. "बसून जेवा जरा."

"बाहेरच्या प्रवाहाला लागलं असेल का गं?"

"काय?"

"लाकूड. एक लाकूड बघितलं सकाळी."

"लाकडाची एवढी काळजी?" ती भात वाढत होती. तिने पळी खाली ठेवली आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. ती कोळ्याचीच मुलगी.

शुक्रवारी सकाळी सहाला चाळीस माणसं केशरी जाकिटं घालून वाळूत उभी होती. तेवढ्यात किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडा आला आणि सगळे धावले. आजोबा लाटांच्या कडेला लागले होते. शेजारी तुयेत बाई, चपला हातात धरून. फिरायला आल्या होत्या.

आजोबांच्या देवळाची राखण करणारे बाय काका ऐंशीचे. त्यांनी आधी हात जोडले, मग विचारलं, "पहिल्यांदा कुणाला दिसले?"

"मला," तुयेत बाई म्हणाल्या. "कालच. पण होडीवाल्यांनी लाकूड म्हणून सांगितलं."

कोळीवाड्याच्या माना खिएमकडे वळल्या. बाय काकांची शेवटी वळली.

"होतं असं, पोरा. उन्हात चमकलं की लाकूडच वाटतं. तसं असेल तर मान या बाईंचा. बाई, विमान कधी आहे?"

"चार वाजता. पण मी बदलून घेईन."

पळवाट इतकी रुंद होती, की तिच्यातून चाळीस माणसांची होडी सहज गेली असती. कंपनीचा म्होरक्या घड्याळ बघत होता. खिएम एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

"मला लाकूड वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

"मग?" बाय काकांनी विचारलं.

"बाईंनी बोट दाखवलं तेव्हाच ओळखलं मी. यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. तोंड फिरवलं."

म्होरक्याने पैसे परत मिळतील का, असं हळूच विचारलं, आणि लियूवहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चार पावलं मागे सरला.

दिएप गर्दीतून पुढे आली. तिच्या हातात पांढरी पट्टी होती. कडा न शिवलेली, सुतकाला लागते तशी.

"ही कधी फाडलीस?"

"काल, तुम्ही जेवून उठलात तेव्हा."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"तर मीच माझ्या डोक्याला बांधून घेतली असती," दिएप म्हणाली. "वाका जरा, हात पुरत नाही."