एझ्राशेजारची जागा

नवरा गेल्यावर दुसऱ्या वर्षी शालूबाईंनी त्याच्या शेजारची कबरीची जागा मागितली.

कोकणात, कोर्लेकरांच्या मूळ गावाजवळ ज्यूंचं छोटं कबरस्तान आहे. शालूबाईंचा नवरा एझ्रा कोर्लेकर तिथे आहे. उपचारासाठी त्याला पनवेलला धाकट्या भावाकडे, रूबेनकडे नेलं होतं आणि तिथेच तो गेला. त्याच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला एका माणसापुरती मोकळी जमीन. वर्षाच्या प्रार्थनेला गेल्या तेव्हा शालूबाईंनी ती बघून ठेवली होती. आठवडी बाजारात पिशवी ठेवून जागा धरतात, तशी मनातल्या मनात धरून ठेवली होती. घरी आल्यावर त्यांनी रूबेनला फोन करून कबरस्तानाच्या कमिटीच्या कानावर घालायला सांगितलं.

शालूबाई मूळच्या आंजीच्या. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून वर्ध्याच्या बाजारात आणणाऱ्या घरातल्या. एझ्रा रेल्वेत सिग्नल दुरुस्त करायचा. बदली होऊन वर्ध्याला आला तेव्हा शालू भावासोबत बाजारात बसायची. हा उंच, गोरटेला माणूस तिच्याकडे दर आठवड्याला एकट्याच्या मानाने फारच भाजी न्यायचा. लग्न कोर्टात झालं. दोन्हीकडून कोणी आलं नाही.

पुढे बोरगाव मेघेला घर बांधलं. दाराच्या चौकटीवर एझ्राने मेझुझा लावली, आत धर्मवचनांची गुंडाळी असलेली बोटभर नळी. कुरिअरवाले बेल समजून तीच दाबत. शालू येता-जाता तिला हात लावून ओठांना लावायला शिकली. दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी. पण ज्यूंच्या नियमाने बोकड कापणारा माणूसच वर्ध्यात नव्हता, त्यामुळे मटणाची भांडी फळीवर उपडी पडून राहिली. खवल्यांचा मासा मिळाला तर तो, नाहीतर अंडी. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवे लावायचे, काळ्या मनुका भिजवून पिळलेल्या पाण्यावर एझ्रा आशीर्वाद म्हणायचा. शनिवारी चूल नाही. शेजारच्या माधवीला वाटायचं, शनिवारी या बाईचा उपास असतो. शालूने कधी सुधारलं नाही. उपास म्हटलं की लोक पुढे काही विचारत नाहीत.

माहेरी जास्त अडायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आंजीत घरोघर मटण शिजतं. शालू जायची, पण खायची नाही. भावजय विमलाबाई तिच्यासाठी बेसनाच्या पाटोडीची भाजी करायची आणि ताट सरकवताना म्हणायची, "घ्या बाई. तुमचा देव आमच्या बोकडाले हातच लावू देत नाई."

शालू हसायची. हे तिने भीतीने केलं नव्हतं, की नवऱ्याला खूश ठेवायलाही नाही. तिला ते आवडायला लागलं होतं. आठवड्यातून एक दिवस घरात कोणी काही करत नाही, या गोष्टीची सवय झाल्यावर तिला बाकीच्यांच्या घराचं नवल वाटायचं.

रूबेनचा फोन आला तेव्हा शालूबाई वाल सोलत होत्या.

"वहिनी, कमिटीचे लोक चांगले आहेत. जागा देतील. फक्त तुमच्या तेविलाचं विचारतील. बाहेरून धर्मात आलेल्या माणसाचं ते स्नान कुठे झालं, हे त्यांना लिहावं लागतं. दादा म्हणाला होता मुंबईत झालं. कुठल्या सिनेगॉगमध्ये?"

"मुंबईत कुठी, भाऊजी? आपल्या धाम नदीत झालं न."

"नदीत?" रूबेनने विचारलं.

येळाकेळीच्या पुढे, हिवाळ्यातल्या सकाळी. लग्नाला महिनाही झाला नव्हता. एझ्राने सगळं नीट समजावून सांगितलं होतं. अंगावर काही ठेवायचं नाही. बांगडी नाही, नथनी नाही, जोडवी नाही, केसांत गाठ नाही. पाण्याच्या आणि अंगाच्या मध्ये काहीच नको. तो काठावर पाठ करून उभा राहिला होता आणि हातातल्या लहान पुस्तकातून वाचत होता. तिने तीनदा बुडी मारली. थंडीने दात वाजत होते. "झालं," तो म्हणाला, "आता तू सारा." नंतर आयुष्यभर तो तिला शालूच म्हणत आला, पण ते नाव तिने जपून ठेवलं होतं.

"तिथे कोण कोण होतं, वहिनी?"

"हे होते."

"अजून?"

"पलीकडं एक जण म्हशी धुऊन राह्यलता. तो का आपला होय?"

रूबेन हसला नाही. "तीन माणसं लागतात, वहिनी. आपल्यातली, जाणती. ती आधी बाईला विचारतात, तिचं ऐकतात, मग स्नान. नदी चालते. नदीचा प्रश्न नाही. पण तीन माणसांशिवाय ती नुसती अंघोळ."

शालूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ह्यांले माहीत होतं?"

"बाबांनी माझ्यासमोर सांगितलं होतं त्याला. पोरीला घेऊन ये, काही महिने आईच्या हाताखाली राहू दे, मग तीन माणसं बसवू. दादा म्हणाला, माझ्या बायकोची परीक्षा घ्यायची नाही. उठून गेला. पुढे कळवलं की मुंबईत करून घेतलं. आम्हाला खरं वाटलं."

"मलेबी खरंच वाटलं होतं," शालूबाई म्हणाल्या.

"आताही करता येईल. मी बोलतो. तुम्ही इतकं पाळलंय, कोणी आडकाठी करणार नाही. नव्याने घेतील."

नव्याने. तो शब्द त्यांनी दोनदा मनात फिरवला. मग विचारलं, "मंग रीता?"

उत्तराची गरज नव्हती. मूल आईकडून ज्यू होतं, हे एझ्राच घरात सांगायचा. रीताचं लग्न ठाण्याच्या एका बेने इस्राएल ज्यू घरात ठरलं तेव्हा तर त्याने ते पाहुण्यांपुढे छाती काढून सांगितलं होतं. शालू आज धर्मात येणार असेल, तर रीता जन्मली तेव्हा ती धर्मात नव्हती. मग रीता नाही. आणि रीता नाही तर तिचा मुलगा नोआही नाही. नोआ तेरा वर्षांचा होत होता. पुढच्या महिन्यात त्याला सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, वाचायला उभं करणार होते.

"मी आपणहून कोणाला काही सांगणार नाही," रूबेन हळू आवाजात म्हणाला. "पण तुम्ही जागा मागितली तर ते मला विचारणार. आणि कबरीच्या कामात माझ्या तोंडून खोटं निघणार नाही, वहिनी. रागावू नका."

"रागावून काय करू, भाऊजी. तुमी नका जाऊ कमिटीत. मी सांगते तुमाले."

राग रूबेनवर नव्हताच. कोकणात जायचं असलं की एझ्रा गाडीतच बजावायचा, "ते नदीचं तिथे काढू नकोस. हसतील." शालूला वाटायचं, उघड्या अंगाने बायको नदीत उतरली हे सांगायची त्याला लाज वाटते. आता तिला कळत होतं की लाज वेगळीच होती. बापाशी भांडण झालं, ते झालं. पण पुढे बाप वारला, भांडण संपलं, पोरगी झाली, पोरीचं लग्न झालं. कधीही एका सकाळी हा माणूस म्हणू शकत होता, चल शालू, एक काम राहिलंय. तो म्हणाला नाही. दर शुक्रवारी तिने दिवा लावून डोळ्यांवर हात धरले की तो समोर बसून "आमेन" म्हणायचा. काय मनात घेऊन म्हणत असेल, हे विचारायला आता माणूस नव्हता.

कुठल्याही कबरस्तानात हाच प्रश्न निघाला असता. दुसऱ्या दिवशी त्या आंजीला गेल्या. भाऊ नत्थूजी वाडीत मेथीच्या जुड्या बांधत होता. शालूबाई बांधावर बसल्या.

"दादा, मी मेल्यावर मले इथंच जाळजो."

नत्थूजीने वर पाहिलं. "सकाळी सकाळी हे काय काढलं व? तुमच्यात तर पुरतात न."

"पुरतात."

"मंग? एझ्रा जावायाच्या बाजूले जाणार होती तू. मागच्या महिन्यात किती सांगून राह्यली होती, बाजूची जागा मोकळी हाय, सावली हाय."

"लांब पडते. पोरीले तरास होते."

"मेल्यावर काय लांब अन् काय जवळ." त्याने जुडी टोपल्यात टाकली. "भांडली का कोणाशी? त्या लोकायनं काही म्हटलं?"

"काही नाई म्हटलं. तू जाळशील का नाई, तेवढं सांग."

"जाळतो न. काऊन नाई जाळीन? आमी का परके होय?" मग विमलाबाईकडे बघून म्हणाला, "ऐकलं का? आपली शालू वापस आली."

विमलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने नणदेचा चेहरा पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी जुड्या बांधा." त्या दिवशी तिने देवावरून काही थट्टा केली नाही.

शालूबाईंनी घरी येऊन रूबेनला कळवलं की जागा नको. त्याने फार विचारलं नाही. कमिटीने ती दुसऱ्या कोणाला दिली तरी चालेल का, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल.

संध्याकाळी रीताचा फोन आला.

"आई, काका म्हणाले तू जागा नको म्हणालीस."

"हो."

"का? तूच तर मागे लागली होतीस."

"माह्या मनात आलं, आपल्या गावी जळावं. आंजीले."

"जळावं?" रीता थांबली. पलीकडे नोआ कुठलीशी ओळ सुरात पुन्हा पुन्हा म्हणत होता, एका ठिकाणी अडकत होता. "आई, आपल्यात जाळत नाहीत. तुला माहीत आहे. बाबांना काय वाटलं असतं?"

"त्यायले काही वाटलं नसतं."

"माझ्या सासूला मी काय सांगू? आधीच त्या म्हणतात, तुझी आई गावाकडची, तिचं काही पक्कं नसेल. मी प्रत्येक वेळी भांडते त्यांच्याशी. सांगते, माझ्या आईने एक शुक्रवार चुकवला नाही. आणि तू आता हे करतेस."

"सांग, म्हातारपणी डोकं फिरलं."

"मला खरं सांग. इतकी वर्षं तू हे सगळं बाबांसाठी करत होतीस ना? मनातून कधीच नव्हतं ना?"

शालूबाईंनी पदराने तोंड पुसलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य ठाण्यातल्या त्या घरात गेलं असतं, सासूच्या खोलीत गेलं असतं, आणि पुढच्या महिन्यात पोराच्या पुढ्यातून तोरा उचलली गेली असती.

"हो," त्या म्हणाल्या. "तसंच समज."

रीता रडते आहे की नाही, ते कळत नव्हतं.

"नोआचं पाठ झालं का सगळं?" शालूबाईंनी विचारलं. "अडकून राह्यला वाटते मधात."

"त्याचं तू आता कशाला विचारतेस," रीता म्हणाली आणि तिने फोन ठेवला.