टेंभुर्णीवाली

जाफराबादच्या बसस्टँडसमोर नसरीनभाभीचं फोटोचं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल, एक स्टूल आणि मागे निळा पडदा. पण त्या पडद्याच्या जोरावर तिने अख्ख्या तालुक्याच्या बायाबापड्यांचा विश्वास कमावला. कारण कॅमेऱ्यामागे बाई उभी असायची. ज्यांनी आयुष्यात परक्यासमोर तोंडावरचा नकाब किंवा डोक्यावरचा पदर काढला नव्हता, त्या इथे बिनघोर काढायच्या. मग भाभी तिथेच त्यांचे फॉर्मही भरून द्यायची.

स्वभावाने मात्र भाभी एक नंबरची भित्री. नवरा कमरोद्दीनने शटरला कुलूप लावलं तरी ती ते ओढून बघणार, चार पावलं जाऊन परत येऊन पुन्हा ओढणार. कमरोद्दीन तिला चिडवायचा, "कुलूप बिचारं तुलाच भ्यायला लागलंय."

या भीतीतूनच तिने एक शक्कल काढली होती. कॉम्प्युटरवर बायांच्या फोटो-फॉर्मच्या फाइलींना ती सासरचं नाव द्यायची नाही, माहेरच्या गावावरून द्यायची. खासगाववाली, माहोरावाली, टेंभुर्णीवाली. कुणी टपोऱ्याने कधी डोकावलंच तर त्याला काय कळणार, असा तिचा हिशेब. त्या हिशेबावर ती बेहद्द खूश होती.

टेंभुर्णीवाली म्हणजे दैवशाला. नवऱ्याच्या माराला कंटाळून, फुटलेला ओठ पदराने झाकून ती एका दुपारी पडद्यामागे येऊन बसली होती. आधारवरचा पत्ता बदलायचा होता. नवा पत्ता परतूर तालुक्यातल्या आष्टीचा, तिथे तिची चुलतमावशी राहायची. फोटो काढताना ती म्हणाली, "भाभी, हे फकस्त तुमच्याजवळच ठिवा." भाभीने मान हलवली आणि त्या दिवसापासून तिच्या जिवाला एक घोर जास्त लागला.

यंदा भाभीने नवा कॉम्प्युटर घेतला. जुना पडून राहण्यापेक्षा कुणाच्या कामी यावा म्हणून गावातल्या अभ्यासिकेला द्यायचं ठरलं. अभ्यासिका निवृत्त मास्तर पुंजाराम सर चालवायचे. देण्याआधी भाभीने सगळे फोटो-फॉर्म नव्या मशीनवर घेतले, जुन्यातले डिलीट केले, कचऱ्याचा डबा रिकामा केला आणि वर फोटोंच्या ड्राइव्हला फॉरमॅट मारला. कॅमेऱ्याचं कार्ड ती रोजच फॉरमॅट करायची, डोळ्याचं पातं लवेपर्यंत काम फत्ते. इथेही तेवढ्यातच झालं. तिला बरं वाटलं.

आठवड्याभराने सर सकाळीच दुकानात आले, चेहरा फुललेला. "भाभी, मिठाई काढा! तुमचे उडालेले फोटो, फॉर्म सगळे परत आले. आपला प्रेम हाय ना, भरतीचा अभ्यास करून राह्यलाय, त्यानं कसलं तरी सॉफ्टवेअर लावलं. म्हणला, भाभीला सांगा, खुश व्हतील."

प्रेम म्हणजे दैवशालाचा नवरा.

भाभीच्या हातातली कात्री खाली पडली. प्रेम अभ्यासिकेत जातो हे तिला ठाऊकच नव्हतं. आणि मग तिला आठवलं की सासरी सुनेला नावाने कुठे हाक मारतात, माहेरच्या गावावरूनच मारतात. प्रेमच्या घरात दैवशालाला दुसरं नावच नव्हतं. साऱ्या दुनियेपासून लपवायला तिने जी पाटी लावली, ती फक्त ज्याच्यापासून लपवायची त्यालाच वाचता येत होती. भाभीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिने दैवशालाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. तशीच ती सरांच्या मागोमाग अभ्यासिकेत गेली. "मशीन आजचा दिवस द्या सर, माझं एक काम राह्यलं." सर गोंधळले. दिलेली वस्तू परत मागायला आली म्हणून पोरं एकमेकांकडे बघून हसली. भाभीने खाली मान घालून मशीन रिक्षात घातलं.

दुकानात येऊन तिने जालन्याच्या कॉम्प्युटरवाल्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "भाभी, तुम्ही क्विक फॉरमॅट मारला. ते म्हंजे दुकानाची पाटी काढणं, माल आत तसाच. ती टिक काढा अन् पुरा फॉरमॅट मारा. मंग सगळ्या डिस्कवर शून्य लिहून येतंय. वेळ लागंल, पन मधी बंद करू नका." भाभीने टिक काढली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. ती पट्टीकडे बघायची, फोन लावायची, पुन्हा पट्टीकडे बघायची. दुपारी ड्राइव्ह कोरा झाला. प्रेमच्या डोक्याला मात्र फॉरमॅट नव्हता, आणि आष्टीचा फोन अजून बंदच होता.

तेवढ्यात दारात प्रेम उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग.

"भाभी, एक फोटो मोठा करून द्या. जल्दी. जालन्याची गाडी लागून राह्यली."

त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. कॉम्प्युटरच्या पडद्याचा काढलेला फोटो होता. दैवशाला, निळा पडदा, फुटलेला ओठ.

"तुमच्याच हातचा हाय ना? बराबर आलाय," प्रेम म्हणाला. "जालन्याहून फुडं आष्टीला जायचंय. मोठं गाव हाय म्हनतेत. दाखवून इचारावं लागंल."

भाभी प्रिंटरकडे वळली. एक कागद घातला आणि मुद्दाम तिरका घातला. कागद अडकला. "गरम झालाय भाऊ, बसा." दुसरा कागद अडकवला. बाहेर कंडक्टर जालना, जालना ओरडत होता. प्रेम स्टुलावर बसून तिच्या हातांकडे बघत होता.

आणि टेबलावरचा तिचा फोन वाजला. काचेवर ठसठशीत अक्षरं उमटली, टेंभुर्णीवाली. नंबरालासुद्धा तिने तेच नाव दिलं होतं.

भाभीने झडप घालून फोन कानाला लावला. त्याने वाचलं की नाही, तिला कळलं नाही.

"हां अम्मी, बोलो."

"भाभी? मी दैवशाला. लई मिस्कॉल दिसले. रानात गेल्ते, फोन बंद व्हता."

"हां अम्मी. सुनो. मेहमान निकल रहे उधर. आजइच. तुम घर पो नक्को ठैरो. अब्बी के अब्बी दूसरे गाँव जाओ."

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला. मग हळूच, "समजलं भाभी. निघाले." फोन कट झाला.

बाहेर गाडीने हॉर्न दिला. प्रेम उठला नाही.

"कोन व्हतं?"

"अम्मी."

प्रेम हसला. त्याने उठून दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि टेबलावर दोन्ही हात टेकून वाकला.

"भाभी, तुमच्या अम्मीच्या मयतीला मी आल्तो की."

भाभीची भीती सकाळी होती तेवढीच होती, पण आता ती फक्त स्वतःपुरती उरली होती. समोर जालन्याची गाडी स्टँडातून निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली. भाभीने प्रिंटरमध्ये तिसरा कागद घातला, तोही तिरका.