ट्राम उभी होती

"फुटपाथ सोडून मरायला रस्त्यात कशाला येतेस, भवाने?"

मोटार चालवणाऱ्यानं हे आईला विचारलं, तेव्हा मी तिचं लुगडं धरून उभा होतो. लालबागचा रस्ता. आईच्या डोक्यावर चिंध्यांचं बोचकं. चिखल तिच्या लुगड्यावर, माझ्या तोंडावर. मागच्या सीटवरच्या बाईनं नाकाला रुमाल लावला. मोटार निघून गेली.

आई फुटपाथवरूनच चालत होती. समोरून स्वच्छ धोतर, काळी टोपी असे एक गृहस्थ आले, म्हणून ती खाली उतरली. मलाही ओढून उतरवलं. त्यांनी तिला उतर म्हटलं नव्हतं. तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. ते आपल्या वाटेनं गेले. आम्ही शिवी खाल्ली.

कोकणात आमच्या गावची वाट अरुंद. खोताच्या घरचं माणूस समोर आलं की आमच्या लोकांनी वाट सोडायची. बांधाखाली उतरायचं, मान घालून थांबायचं. आपली सावलीही वाटेवर पडू द्यायची नाही. चालायला लागल्यापासून आई हे करत आली. मुंबईत तिला कुणी ओळखत नव्हतं. जात कुणी विचारत नव्हतं. तरी अंगावर बरे कपडे असलेला माणूस दिसला की ती उतरायची. गावात बांधाखाली गवत असायचं. इथे फुटपाथखाली मोटारी होत्या.

आम्ही घोडपदेवच्या चाळीत राहायचो. बाबा गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात. मागावर पगार जास्त. पण मागावर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो, आणि आमच्या ओठांचा धागा बाकीच्यांना चालत नव्हता. बाबा रिंगेतच राहिले. कापसाचा भुगा छातीत साठला. मी शाळेत असतानाच गेले. मग आई गोदामात चिंध्या निवडायला लागली. निवडलेल्या चिंध्यांची बोचकी पोचवायचं कामही तिचंच. चालत. ट्राम आमच्या समोरून जायची, आमच्यासाठी थांबायची नाही. आम्हाला परवडायचीच नाही.

मी शिकलो. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला मी. हे मी छाती पुढे काढून सांगतो, त्यात मला लाज नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची आहे. ती पुढे येते.

आईशी या उतरण्यावरून मी पुष्कळ भांडलो. दीक्षा घेऊन आम्ही नागपूरहून परत आलो, तेव्हा तर फारच.

"आये, देव काढलेस, उपास सोडलेस. मग हे का सुटत नाही?"

"ते डोक्यात होतं. हे पायात हाय." ती हसली. "तू कशाला तापतोस? मोटार काय मला खातेय?"

शेजारच्या काकी म्हणाल्या, "बाबू, तुझी आई टोपीवाला बघितला की उतरते. उद्या टोपी घातलेला बैल आला तरी उतरंल!"

सगळ्या हसल्या. आईसुद्धा. मीसुद्धा हसलो.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सभा, मोर्चे, गल्लोगल्ली कमिट्या. मी बी. ए.ची परीक्षा देऊन बसलो होतो. माझा मित्र दिगंबर गिरगावचा. तो आणि त्याचा मावसभाऊ त्या दिवशी माझ्याबरोबर लालबागला आले होते. दुपार उतरत होती. आम्ही तिघं ट्राममधून उतरून फुटपाथवर चढलो. ट्राम अजून उभी होती, माणसं उतरत होती. ट्रामचे रूळ रस्त्याच्या मधोमध. उतरलेल्या माणसाला अर्धा रस्ता ओलांडून फुटपाथ गाठावा लागायचा. म्हणून ट्राम उभी असेपर्यंत मोटारीनं मागे थांबायचं, असा नियम होता. लालबागमध्ये तो कुणी पाळत नव्हतं. मोटारवाले भोंगा वाजवत ट्राम आणि फुटपाथ यांच्या मधून मोटारी काढायचे. माणसं उड्या मारायची.

आमचा वाद रंगला होता. दिगंबर हातवारे करत सांगत होता, "मुंबई कुणाची? जो इथे घाम गाळतो त्याची! यात चर्चा कसली?" मी म्हणत होतो, "बरोबर, शंभर टक्के." तिघं ओळीनं चालत होतो. खांद्याला खांदा लावून. सगळा फुटपाथ आम्हीच व्यापला होता.

समोरून आई आली. डोक्यावर बोचकं.

मी तिला पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती उतरली. नेहमीसारखी, न थांबता, एक पाऊल खाली. डोक्यावर बोचकं असलेल्या माणसाला मान वळवता येत नाही. ट्रामच्या बाजूनं मोटार घुसली.

आवाज झाला. चिंध्या रस्ताभर पसरल्या.

मोटारीचा मालक मागच्या सीटवरून उतरला. आधी मोटारीचा पत्रा वाकून पाहिला. मग आईकडे. म्हणाला, "फुटपाथ दिलाय तरी ही माणसं रस्त्यात. चालायचीसुद्धा अक्कल नाही."

दिगंबर माझ्या कानाशी म्हणाला, "चूक बाईची आहे रे. मी बघितलं, ती एकदम उतरली."

मी गुडघ्यावर बसून आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. हवालदार आला. "कोण लागते तुझी?"

"आई."

दिगंबरच्या मावसभावानं चिंध्या गोळा करायला घेतल्या.

परळच्या हॉस्पिटलात सांगितलं, खुबा मोडलाय. चालेल, पण काठी घेऊन. आई लोखंडी खाटेवर, पायाला वजन बांधलेलं. मला वाटत होतं, आपण आहोत हे तिला दिसलंच नसेल. तीन शर्ट-पँटवाले आले एवढंच दिसलं असेल. मी तसं बोललो. तिला बरं वाटावं म्हणून नव्हे, मला बरं वाटावं म्हणून.

"दिसला की," ती म्हणाली. "तूच दिसलास. तुझ्यासंगं मोठ्या घरची पोरं. म्हटलं, वाट कशाला अडवा."

"माझ्यासाठी उतरलीस?"

"मग? आता तू पण सायबच की रं."

तिनं हे कौतुकानं म्हटलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलंही, "माझा ल्योक. कालेजातला."

मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं टेकलं. लहानपणापासून त्या टोपीवाल्या गृहस्थाला मी मनात शिव्या देत आलो होतो. त्यानं पाहिलं नाही, थांबला नाही, आपल्या वाटेनं गेला. आज त्या जागी मी होतो. मी कुणाला हाकललं नव्हतं. नुसता मित्रांबरोबर मोकळा चाललो होतो. पण एका माणसाची जागा आम्ही सोडली नव्हती, आणि ते माणूस माझी आई होती. माझी पँट इस्त्रीची होती. ती इस्त्री तिनंच केली होती, तांब्यात निखारे घालून.

दोन दिवसांनी मोटारमालकाचा मुनीम आला. फळांची पिशवी घेऊन. स्टुलावर बसला. मला म्हणाला, "अहो, तुम्ही सुशिक्षित आहात, तुमच्याशी बोलता येतं. तुमची आई स्वतःच उतरली, खरं ना? पोलिसांना तेवढंच सांगायचं. तिनं 'माझी चूक झाली' म्हणायचं. शेठ उपचाराचं बघतील."

तसल्या माणसानं मला पहिल्यांदाच 'अहो' म्हटलं होतं. खोटं का बोलू, क्षणभर ते कानाला गोड लागलं.

आई लगेच म्हणाली, "व्हय सायेब. माझीच चूक. मीच उतरले."

"बघा!" मुनीम खूश. "रस्ता मोटारींचा, फुटपाथ माणसांचा. माणसानं आपली जागा सोडली की असं होतं."

तिथे माझं डोकं फिरलं.

"आमची जागा कुठली, ते आजवर तुम्हीच सांगत आलात," मी म्हणालो. "गावात म्हणालात वाट सोडा. इथे म्हणता वाट सोडली हीच चूक. ट्राम उभी होती. मोटार घुसलीच कशी, ते बोला."

"असं चिडू नका. शिकलेल्या माणसानं..."

"फळं उचला."

तो गेला. आई माझ्यावर संतापली. "मोठ्या माणसाला असं बोलतात? मी उतरले ते खरंच हाय ना?"

"खरंय. तू उतरलीस. ते सांग. आणि ट्राम उभी होती तेही सांग. 'माझी चूक' तेवढं म्हणायचं नाही. कुणी मारलं तरी नाही."

ती म्हणाली, "आजपतुर कुणी मला ट्रामचं विचारलंच नाय."

माझा निकाल लागला तेव्हा ती हॉस्पिटलातच होती. मी पास झालो. चाळीतून माणसं पेढे घेऊन आली. मी पदवीधर, आणि आई खाटेवर, आणि या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

कोर्टात आई काठीवर उभी राहिली. शेठच्या वकिलानं तीन वेळा विचारलं, "चूक तुमचीच ना?" तिनं तीन वेळा एकच सांगितलं, "मी उतरले. ट्राम हुबी होती. गाडीनं थांबायचं हुतं." दिगंबर साक्षीला आला. मला वाटलं नव्हतं येईल. तो खाली बघत म्हणाला, "ट्राम उभी होती. आणि फुटपाथवर जागा नव्हती, कारण आम्ही तिघं ओळीनं चाललो होतो." हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. ड्रायव्हरला दंड झाला. मालक पुढच्या बाकावर बसला होता, तो दंड भरून मोटारीत बसून गेला. गरीब ड्रायव्हरच्या नावावर तेवढा शिक्का राहिला. याला मी न्याय म्हणत नाही.

म्हणून आम्ही थांब्यावर उभं राहायचं ठरवलं. मोर्च्यासाठी चाळीत कमिटी होतीच. तिला फक्त आणखी एक काम दिलं. गिरणी सुटायच्या वेळी लालबागच्या थांब्यावर जायचं. ट्राम थांबली की ट्रामपासून फुटपाथपर्यंत हातात हात धरून मोटारींपुढे उभं राहायचं. माणसं उतरून पलीकडे गेली की बाजूला व्हायचं. शिवी द्यायची नाही, दगड उचलायचा नाही. पहिल्या दिवशी बायका पुढे. काकी म्हणाल्या, "मोर्च्यात लाठ्या झेलल्या, भोंग्याला काय भ्यायचं!"

आई काठी टेकत आली. मी नको म्हणालो.

"तू गप ऱ्हा," ती म्हणाली, आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

ट्राम थांबली. मागून एक लांबलचक काळी मोटार आली. भोंगा. पुन्हा भोंगा. आतून डोकं बाहेर आलं. "ए म्हातारे! बाजूला हो!"

मी आईच्या पायाकडे बघत होतो. तिची टाच उचलली गेली. जन्माची सवय. मी तिचा हात आवळला नाही. काही बोललो नाही. तो पाय तिचा होता. टाच परत तिथेच टेकली.

"नाय हुनार," आई म्हणाली.

माणसं उतरली. डबा घेतलेली, पोरं कडेवर घेतलेली. सावकाश गेली. कुणी उडी मारली नाही. मग आम्ही बाजूला झालो. मोटार गेली.

पुढे रोज उभे राहिलो. एकदा पोलिसांनी आम्हाला चौकीत बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं आली. शेवटी शिट्टी घेतलेला एक शिपाई तिथे नेमला गेला. मग आम्ही घरी बसलो.

आईचा पाय सरळ झाला नाही. तो माझ्यासाठी मोडला, हे मी कुणाला विसरू देणार नाही, स्वतःला तर नाहीच. फुटपाथवर मी कुणाला माझ्यासाठी उतरू देत नाही. कुणी उतरायला लागलं की मी थांबतो, अंग चोरतो, आणि ते माणूस वरूनच जाईपर्यंत हलत नाही.

लालबागच्या त्या थांब्यावर आता ट्राम उभी राहिली की मोटार मागे उभी राहते.