काटा हलेना

आज नवमी. उद्याच्या दसऱ्याच्या पूजेसाठी जीप धुवायला घेतली आणि साबणाच्या वासाने तीन वर्षांपूर्वीची नवमी आठवली. हिवरखेडच्या आमच्या शेतातल्या काळ्या चिखलातून झेंडूची पोती काढायची तर चाकांतली हवा कमी करावी लागते आणि डांबरी रस्त्यावर आलं की पुन्हा भरावी लागते. म्हणून त्या सकाळी बाळापूरच्या मिस्त्रीकडून बोनेटखाली कंप्रेसर बसवून घेतला. त्याने चालवून दाखवला तेव्हा चाक पाच मिनिटांत टणक झालं. मी लगेच मशीनची पूजा केली. मग फुलं भरून चिखलातून बाहेर आलो, तर मशीन नुसतंच घरघरत होतं, हवेच्या मापाचा काटा हलेना. मिस्त्रीला बोलावून घेतलं. त्याने गळती शोधायला प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून पाहिला, पण एकही बुडबुडा आला नाही. “हवा बाहेरही नाही चालली अन् चाकातही नाही. मंग जाऊन कुठी राहिली वो बाई?” “मले काहून इचारता? मिस्त्री तुमी का मी?” नवरा म्हणाला, “सकाळचा अकोल्याचा बाजार चुकला, त हे झेंडू बकऱ्याच खातीन.” शेवटी मिस्त्री डोकं खाजवत घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीनेच बोनेट उघडलं. मशीन जिथून हवा ओढतं, त्या स्पंजावर मीच ओल्या कुंकवाने उमटवलेली पाच बोटं वाळून घट्ट बसली होती. स्पंज नळाखाली धुतला, पिळून लावला आणि चारही चाकं भरली. बाजाराच्या वाटेवर मिस्त्रीचा फोन आला, “काय होतं वो?” “कचरा होता,” मी म्हटलं आणि गाडी दामटली.