आकाशगंगेच्या मध्यापर्यंत

मुलीला वाढदिवसाला हातात धरून खेळायचा कन्सोल घेऊन दिला, तेव्हा त्यातला पहिला गेम तिने स्वतःच निवडला. अख्खी आकाशगंगा, मोजता येणार नाहीत इतके तारे, प्रत्येकाभोवती ग्रह. कुठेही उतरा, कुठेही भटका. नववीतली मुलगी. थोड्याच दिवसांत तिचं मन उडालं. "इट्स टू बिग, मम्मा. नथिंग हॅपन्स," असं सांगून तिने कन्सोल टीव्हीखालच्या खणात टाकून दिला. एका सकाळी मी तो माझ्या पर्समध्ये घातला.

प्रवासाचं काहीतरी करणं मला भागच होतं. आम्ही राहतो डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आणि माझी फॅक्टरी हमरिया फ्री झोनमध्ये. म्हणजे दुबईच्या एका टोकाहून निघायचं आणि शारजा ओलांडून पलीकडे पोचायचं. पूर्वी मी स्वतः गाडी चालवायची. पण ट्रॅफिकमध्ये अडकलं की मला गाडी तिथेच सोडून चालू लागावंसं वाटायचं, आणि एकदा नवऱ्याने ते माझ्या तोंडून ऐकलं. त्यानंतर मी कार लिफ्ट लावली. केरळची एक बाई आम्हा चौघींना नेते-आणते. बाकीच्या तिघी बसल्या बसल्या झोपतात. मला वाहनात झोप येत नाही. खरं तर नुसतं बसणंच जमत नाही. पाय हलत राहतो, आणि शेजारणीच्या पायाला लागला की ती डोळे न उघडता जरा सरकते.

गेम सुरू होतो तेव्हा तुम्ही एका अनोळखी ग्रहावर असता. यान मोडलेलं, अंगावरच्या सूटमधला प्राणवायू संपत आलेला. आजूबाजूचे दगड फोडून, झाडं तोडून जे मिळेल त्यातून यान दुरुस्त करायचं. मला पाइपांची सवय. आमच्या फॅक्टरीत पाइपांवर गंजरोधक कोटिंग चढवतात आणि ते सगळीकडे नीट बसलंय की नाही, हे तपासायचं काम माझं. तेव्हा वस्तू गोळा करून काहीतरी जुळवणं मला सोपं गेलं. पण यान पहिल्यांदा जमिनीवरून उचललं, ढगांमधून वर गेलं, निळं आकाश काळं झालं आणि खाली तो अख्खा ग्रह गोल दिसायला लागला, तेव्हा माझा हलणारा पाय थांबला. मला ते लगेच जाणवलं. बाहेर आमची गाडी मुहैस्नाहच्या आसपास कुठेतरी उभी होती. शेजारी कामगारांची बस होती. खिडक्यांना ओले टॉवेल बांधलेले, आत माणसं मान टाकून झोपलेली. माझ्या मांडीवर मात्र एक सूर्य उगवत होता.

त्या दिवसानंतर मी सकाळी आवरून दाराशी उभी राहायला लागले. नवरा म्हणायचा, "ऑफिसला जायची एवढी घाई तुला कधीपासून?"

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली. जळगाव, मग नांदेड, मग कोकणातलं एक गाव, मग पुन्हा घाटावर. भांडी कागदात कशी गुंडाळायची, नव्या शाळेत पहिल्या दिवशी कुठल्या बाकावर बसायचं, हे मला आपोआप येत होतं. मैत्रिणी सुटल्या की रडायचे, पण ट्रकमध्ये सामान चढलं की आतून काहीतरी उसळायचं. नोकरीला लागले तेव्हाही तेच. इथे आल्यावर आधी अजमान, मग शारजात दोन घरं, मग दुबई. नवरा पुण्यातल्या एकाच गल्लीत लहानाचा मोठा झालेला. तो डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आला, खालच्या झाडांकडे बघितलं आणि म्हणाला, बास, आता इथून हलायचं नाही. त्याची नोकरी जवळच्याच एका हॉटेलात, खरेदी विभागात. मुलीची शाळाही जवळ. हलायचं नाही, या म्हणण्यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून मीही काही बोलले नव्हते.

गेममध्ये मी एका ग्रहावर फार वेळ राहायची नाही. उतरायचं, जवळपासची झाडं-प्राणी यंत्राने टिपून घ्यायचे, इंधनाला लागेल तेवढं खनिज उचलायचं आणि निघायचं. कुठे आम्लाचा पाऊस, कुठे रात्री सगळं गोठून जाणारं, कुठे नुसता समुद्र. एका ग्रहावर मात्र वेगळं झालं. जांभळट गवत, हलका पाऊस, वादळ नाही, अंगावर येणारं जनावर नाही. गाईसारखा, पण सहा पायांचा एक प्राणी माझ्या मागे मागे फिरत राहिला. जातानाच्या सबंध प्रवासात मी त्या एका टेकडीवर होते. आणि हळूहळू माझा पाय पुन्हा हलायला लागला. आता पुढे काय? इथे सगळं ठीक आहे, मग पुढे काय? हमरियाचं गेट दिसायच्या आत मी यानात बसून निघालेही होते. ग्रहाला नावसुद्धा दिलं नाही. नंतर दोन-तीनदा शोधला. ताऱ्यांच्या त्या गर्दीत तो परत हाताला लागला नाही.

शनिवारी-रविवारी कन्सोल घरी असायचा, आणि नवऱ्याने एका दुपारी तो सहज उचलला. त्याने स्वतःचा वेगळा खेळ सुरू केला. तो त्याच्या पहिल्या ग्रहावरून हललाच नाही. यान दुरुस्त केलं, पण उडवलं नाही. आधी एक खोली बांधली, मग ओटा, मग काचेच्या छताखाली वाफे. मी विचारलं की बाहेर जायचं नाही का, तर म्हणाला, अजून डोंगराच्या पलीकडची बाजू बघायची आहे. मला त्याचा खेळ बघवायचा नाही. तो एखादी भिंत लावायचा, काढायचा, परत लावायचा. मी उठून कपड्यांच्या घड्या घालायला जायची. त्याला माझा खेळ बघवायचा नाही. एवढ्या भराभर दृश्यं बदलतात की गरगरतं, असं तो म्हणे.

त्याच सुमारास मला रुवैसहून विचारणा आली. अबू धाबी ओलांडून सौदीच्या सीमेकडे जाताना लागतं ते. तिथल्या एका प्रकल्पावर पाइप टाकायचं काम निघालं होतं आणि साइटवर कोटिंगची तपासणी बघायला माणूस हवा होता. आमच्याशी व्यवहार असलेल्या कंपनीतल्या एका वरिष्ठ बाईंनी मला फोनवर विचारलं. फॅक्टरीत पाइप येतो, आम्ही तो तपासतो, तो ट्रेलरवर चढून जातो. तो पुढे कुठे जातो हे मी इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. घरून रोज जाणं-येणं शक्य नाही. आठवड्यातले कामाचे दिवस तिथेच राहावं लागेल.

हे मी घरी सांगितलं नाही. सांगायचं ठरवायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची. त्याऐवजी गेममध्ये मी आकाशगंगेच्या मध्याकडे निघाले.

मध्य गाठणं हा त्या गेममधला सगळ्यात लांबचा पल्ला. नकाशावर एक प्रखर पांढरा गोळा दिसतो आणि ताऱ्यावरून ताऱ्यावर उड्या मारत तिकडे सरकायचं असतं. मी आता ग्रहांवर उतरणंही सोडलं. इंधन घ्यायचं आणि उडी. लंच टाइममध्ये, कार लिफ्टमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना. मीटिंगमध्ये माझा अंगठा टेबलाखाली आपोआप हलायचा. रुवैसच्या बाईंना मी इन्शाल्ला, कळवते, असं म्हणून दोनदा टाळलं. इथे त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते दोघींनाही ठाऊक होतं.

परतीच्या वाटेवर एका संध्याकाळी, एमिरेट्स रोडवर पुढे कुठेतरी अपघात झाला होता आणि गाड्या इंचाइंचाने सरकत होत्या, तेव्हा मी मध्याला पोचले. शेवटची उडी मारली. सगळा पडदा पांढरा झाला, तारे ताणले गेले, आणि बराच वेळ मी त्या उजेडात शिरत राहिले. मग उजेड विझला आणि मी एका ओसाड ग्रहावर उभी होते. यान मोडलेलं. सूटमधली यंत्रं जळालेली. प्राणवायू संपत आलेला. गेमने मला दुसऱ्या आकाशगंगेत आणून टाकलं होतं आणि तिचाही मध्य तितकाच लांब होता.

मी हसले. मोठ्याने असावं, कारण पुढे बसलेली वळून बघायला लागली. मग डोळ्यांत पाणी आलं आणि ते मला आवरेना. चालवणाऱ्या बाईने आरशात बघितलं आणि हिंदीत विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक आहे. तिने टिश्यूचा डबा मागे दिला.

घरी आले तर नवरा भाजी चिरत होता. मुलगी टेबलावर अभ्यासाला बसली होती. मी पर्ससकट उभी राहूनच रुवैसचं सगळं सांगून टाकलं. कधी विचारलं, कुणी विचारलं, किती दिवस राहावं लागेल. त्याने सुरी खाली ठेवली नाही, पण चिरणं थांबवलं.

"मला वाटलंच होतं काहीतरी आहे," तो म्हणाला. "तू घरात असलीस तरी उभीच असतेस."

मी म्हटलं की मला जायचंच आहे असं नाही. त्यावर मुलीने वहीतून मान वर केली आणि शांतपणे म्हणाली, "मम्मा, यू ऑलवेज वॉन्ट टु गो. इट्स ओके. जस्ट से इट."

ते मला लागलं. तिच्या आवाजात राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी तिच्याजवळ बसले, आणि मला खरंच ते तोंडाने म्हणावं लागलं. मला जायचंय. तुम्हाला सोडून जायचं नाहीये, पण जायचंय. नवऱ्याने भाजी फोडणीला टाकली आणि पाठमोऱ्यानेच म्हणाला, "मग जा. आम्ही इथेच आहोत. पण ठरलं की त्याच दिवशी सांगत जा. मला अंदाज करत बसायला लावू नकोस."

त्या शनिवारी त्याने मला त्याचा ग्रह दाखवला. मी पहिल्यांदा शेवटपर्यंत बघितला. डोंगराच्या पलीकडे त्याने एक पायवाट केली होती, दिवे लावले होते, आणि वाट एका कड्यापाशी संपत होती. तिथून खाली धुकं होतं. पुढे काय आहे, मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. तो रोज तिथपर्यंत जाऊन परत येत असे. मला ते नीट समजलं असं म्हणणार नाही. पाय माझा तेव्हाही हलत होता. पण मी उठले नाही.

रुवैसला मला सोडायला तो स्वतः आला. मी गाडी चालवली आणि तो शेजारी बसला, ज्याला दुबईबाहेर न्यायचं म्हणजे महिनाभर आधी पटवावं लागतं. अबू धाबी मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना सपाट वाळू, मधूनच विजेचे मनोरे, आणि पांढरं उन्हाळी आकाश. त्याने कंपनीने मला दिलेल्या खोलीतले नळ सोडून बघितले, एसीची जाळी काढून बेसिनमध्ये धुतली, खिडकीची कडी घट्ट बसते का ते पाहिलं. खालच्या दुकानातून दूध आणि खारी आणली. चहा झाल्यावर तो बसने अबू धाबीला गेला आणि तिथून दुसऱ्या बसने घरी. बसमध्ये चढताना म्हणाला, "खोली बरी आहे. पडदा जाड लाव."

साइटवरचा पहिला आठवडा मी फक्त बघत होते. जे पाइप आमच्या फॅक्टरीतून माझ्या सहीने बाहेर पडायचे तसलेच पाइप इथे वाळूत ओळीने जमिनीवर मांडलेले, क्षितिजापर्यंत. त्यांच्या बाजूने चालत जायचं, जोड तपासायचे, पुढे जायचं. उन्हाने डोकं फिरायचं. तरीही संध्याकाळी खोलीवर आले की अंगात एक बरी दमणूक असायची आणि मी बसल्या जागी झोपायची, जे मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. ते सुख काही महिने टिकलं. मग पुन्हा संध्याकाळी मी खिडकीशी उभी राहायला लागले.

मुलगी हिवाळ्याच्या सुट्टीत दोन दिवस राहून गेली. दुसऱ्याच दिवशी तिला कंटाळा आला आणि बाबाची, तिच्या खोलीची आठवण यायला लागली. मी इथे कशी राहते, असं तिने विचारलं. मी तिला समुद्रावर नेलं. आम्ही बरंच चाललो, ती मैत्रिणींबद्दल बोलत राहिली, निम्मं इंग्रजीत आणि निम्मं तिच्या मोडक्या मराठीत, आणि मी एकदाही घाई केली नाही.

मागच्या आठवड्यात त्या वरिष्ठ बाईंनी पुन्हा विचारलं. इथलं काम संपत आलंय. ओमानमध्ये दुसरं निघतंय, येशील का? मी त्याच संध्याकाळी घरी फोन लावून ओमानचं सांगितलं. मागे कुकरची शिट्टी झाली, ती संपेपर्यंत नवरा थांबला.

"तुझं काय म्हणणं?" त्याने विचारलं.

"मला अजून माहीत नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

"मग शुक्रवारी घरी ये. बसून बोलू."

मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि पायात चपला सरकवून खाली उतरले. ऊन कललं होतं, पण फुटपाथ अजून तापलेला होता.